दृष्टीची खळी : तीक्ष्ण दृष्टीच्या शोधाचा इतिहास आणि आपले शहर



या विद्यालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा संयोजकांची अपेक्षा साहजिकच होती की, मराठीचा हा निवृत्त प्राध्यापक एखाद्या संतकवीवर वा हैदराबादेतील मराठी वाङ्मयीन चळवळीवर बोलेल. मी विषय कळविला तो डोळ्याच्या आतील पडद्यावर असलेल्या, तांदळाच्या कणीएवढ्या एका खळगीचा. काहींना तो माझ्या अधिकाराबाहेरचा वाटला असेल. त्याचे समर्थन दोन शब्दांत करतो. माझे सारे आयुष्य महानुभावांच्या पोथ्या आणि मोडी रुमाल वाचण्यात गेले. ज्या अवयवाच्या बळावर हे आयुष्य उभे राहिले, त्याचा इतिहास जाणून घेणे हे मी कृतज्ञतेचे कर्तव्य मानतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा इतिहास धुंडाळताना मला वारंवार आपलेच शहर भेटत गेले. कधी छापखान्याच्या रूपाने, कधी वेधशाळेच्या, कधी रेल्वेच्या, तर कधी रुग्णालयाच्या. म्हणून हे व्याख्यान जितके डोळ्याचे, तितकेच हैदराबादचे आहे.

१. नाव आणि रूप

आपल्या डोळ्याच्या मागील बाजूस आतून दृष्टिपटल पसरलेले असते. त्याच्या मध्यभागी, सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा किंचित पिवळसर भाग आहे. शालेय पुस्तकांतून आपण त्याला ‘पीतबिंदू’ म्हणून ओळखतो. या पीतबिंदूच्याही मध्यभागी सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची एक उथळ खळगी आहे. शास्त्रीय मराठीत तिला ‘गर्तिका’ म्हणावे. मला मात्र घरगुती ‘खळी’ हा शब्द अधिक आवडतो. गालावरची खळी चेहऱ्याचे सौंदर्य खुलवते. डोळ्यातली ही खळी साऱ्या जगाचे सौंदर्य आपल्याला दाखवते.

डोळ्याच्या अवयवांची नावे हा भाषेच्या अभ्यासकासाठी मोठा मौजेचा विषय आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की मधल्या काळ्या वर्तुळात आपलीच चिमुकली प्रतिमा दिसते. म्हणून मराठीत त्या वर्तुळाला ‘बाहुली’ म्हणतात, संस्कृतात ‘कनीनिका’, म्हणजे लहानशी मुलगी. लॅटिन भाषेतील शब्दाचा अर्थही हाच, छोटी मुलगी किंवा बाहुली. आतल्या भिंगाची गोष्टही अशीच. लॅटिनमध्ये भिंगाला जे नाव आहे ते मुळात मसुराचे, आणि सुश्रुतानेही ‘दृष्टी’चे प्रमाण सांगताना मसुराच्या डाळीचाच दाखला दिला आहे. निरनिराळ्या देशांतील माणसांनी डोळ्याकडे पाहिले तेव्हा त्यांना एकाच तऱ्हेच्या उपमा सुचल्या.

खळीला मात्र कोणत्याही प्राचीन भाषेत नाव नाही. कारण ती कोणी पाहिलेलीच नव्हती.

२. सुश्रुतापासून बसऱ्यापर्यंत

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे जे विवेचन आहे ते त्या काळाच्या मानाने थक्क करणारे आहे. डोळ्याची मंडले, संधी, पटले यांची गणना आहे, रोगांचे वर्गीकरण आहे आणि मोतीबिंदू शलाकेने बाजूला सारण्याच्या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णनही आहे. हे सर्व वाचून काही उत्साही मंडळी म्हणतात की, पीतबिंदूही आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. मला हे मान्य नाही. जे त्यांनी सांगितले नाही ते त्यांच्या पदरी बांधल्याने त्यांचा गौरव होत नाही.

येथे एक व्यावहारिक कारणही ध्यानात घेतले पाहिजे. शरीराची आतील रचना पाहण्यासाठी सुश्रुताने जी पद्धत सांगितली आहे तीत शव गवताने वेढून सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि मग एकेक थर हलके हलके खरवडून पाहायचा असतो. हाडे, सांधे, स्नायू यांच्यासाठी ही पद्धत चालते. पण दृष्टिपटल हा शरीरातील अत्यंत नाजूक पडदा, मृत्यूनंतर काही तासांतच त्याची घडी मोडते. सात दिवसांनंतर तेथे पाहण्यासारखे काही उरत नाही. सुश्रुताला खळी दिसली नाही यात त्याच्या बुद्धीचा दोष नव्हता. त्याच्या हाती ताजा डोळा नव्हता.

तीक्ष्ण दृष्टी ही डोळ्याच्या मध्यरेषेवरच असते, ही गोष्ट नीट विचारपूर्वक मांडली ती अकराव्या शतकात इब्न अल् हैसम या अरबी पंडिताने. तो बसऱ्याचा; त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध कैरोत गेला. ‘किताब अल् मनाझिर’ या आपल्या ग्रंथात त्याने प्रतिपादले की, डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. त्याचबरोबर त्याने हेही नोंदवले की, समोरच्या वस्तूचा जो भाग डोळ्याच्या अक्षावर येतो तोच सर्वांत स्पष्ट दिसतो, कडेचा भाग धूसर राहतो आणि म्हणून वस्तू नीट पाहायची तर डोळा तिच्यावरून फिरवावा लागतो. कारण त्याने वेगळे दिले, पण निरीक्षण अचूक होते.

आता आपल्या शहराकडे येऊ. इब्न अल् हैसमच्या ग्रंथावर तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधीवर कमालुद्दीन अल् फारिसी या इराणी विद्वानाने ‘तन्कीह अल् मनाझिर’ नावाचे विस्तृत भाष्य लिहिले. हे भाष्य हस्तलिखितांत पडून होते. ते दोन खंडांत छापून प्रथम जगापुढे आणले ते हैदराबादच्या ‘दायरतुल मआरिफ’ या संस्थेने, १९२८ ते १९३० या काळात. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने अरबी भाषेतील कितीतरी दुर्मिळ ग्रंथ प्रकाशात आणले आहेत. युरोपातील विद्वान प्रकाशशास्त्राच्या इतिहासाची चर्चा करताना आजही या हैदराबादी आवृत्तीचा आधार घेतात. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले होते. ज्ञानकोशकार केतकर या शहरात आले तेव्हा ‘तन्कीह’चे दोन्ही खंड छापून झाले होते. एकाच शहरात दोन ज्ञानपरंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या; त्यांची परस्परांशी गाठ पडली असती तर किती बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते.

३. खळीचा शोध

पुढची कथा युरोपात घडली. तिचे टप्पे थोडक्यात सांगतो.

शेकडो वर्षे असे मानले जाई की, दृष्टीचे खरे अधिष्ठान भिंगात आहे. १५८३ मध्ये बाझेलच्या फेलिक्स प्लाटरने हा मान भिंगाकडून काढून दृष्टिपटलाकडे दिला. १६०४ मध्ये योहानेस केप्लरने गणिताने दाखवले की, बाहेरील जगाची प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते आणि ती उलटी असते. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणाऱ्या या ज्योतिर्विदाला डोळ्याच्या वाटेला जावे लागले, कारण आकाश पाहणारे शेवटचे उपकरण दुर्बीण नसून डोळा असतो. पुढे क्रिस्टोफ शाइनर याने प्राण्याच्या डोळ्याची मागील बाजू तासून ती उलटी प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. १६६० च्या दशकात फ्रान्सच्या एदम मारियोतने अंधबिंदू शोधला. दृष्टिपटलावरची न दिसणारी जागा अशी आधी सापडली, सर्वांत चांगली दिसणारी जागा मात्र आणखी शंभर वर्षे दडून राहिली!

१७८२ मध्ये मिलानच्या फ्रांचेस्को बुत्सी याने दृष्टिपटलावरील पिवळ्या डागाची पहिली नोंद केली, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १७९१ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ सॅम्युएल टॉमस झोमरिंग याच्या हाती एका बुडून मेलेल्या तरुणाचे ताजे डोळे आले. त्याला तो पिवळा डाग दिसला आणि त्याच्या मधोमध एक छिद्र आहे असेही वाटले. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यात भोक! विद्वानांमध्ये मोठी चर्चा झाली. अखेर सूक्ष्मदर्शकाने निवाडा केला की, ते भोक नाही, तेथे पडदा फक्त पातळ झाला आहे.

एका दुर्दैवी तरुणाच्या मृत्यूतून मानवी दृष्टीचे केंद्र उजेडात आले. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. प्रत्येक शास्त्राच्या पायाशी असे अनामिक लोक असतात. त्यांचे स्मरण करणे हेही स्मृतिव्याख्यानाचेच काम आहे.

मग पावले भराभर पडली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्सने नेत्रदर्शक यंत्र जगापुढे ठेवले आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहता येऊ लागले. १८६२ मध्ये हॉलंडच्या हेर्मान स्नेलेनने अक्षरांचा तो तक्ता तयार केला, जो आज चष्म्याच्या प्रत्येक दुकानात टांगलेला असतो. १८६६ मध्ये माक्स शुल्त्स याने दाखवले की, दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी आहेत. दंडपेशी अंधूक उजेडात काम करतात आणि शंकुपेशी भर उजेडात, रंगांसह. शतकाच्या अखेरीस स्पेनच्या रामोन इ काहाल याने या पेशींची मेंदूपर्यंतची जोडणी कागदावर रेखाटली. १९९१ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे आडवे छेद दाखवणारे तंत्र जाहीर झाले. आज कोणत्याही मोठ्या नेत्ररुग्णालयात, डोळ्याला हातही न लावता, आपली खळी आपल्याला पडद्यावर दाखवतात. झोमरिंगला जे पाहायला मृत तरुणाचा डोळा लागला, ते आज दोन मिनिटांत दिसते.

४. खळी काय करते

आता या चिमुकल्या खळीचे कार्य पाहू. दृष्टिपटलात दंडपेशी सुमारे बारा कोटी आणि शंकुपेशी सुमारे साठ लाख. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू मात्र दहा-बारा लाखच. म्हणजे कडेच्या भागात कितीतरी पेशींना मिळून एकाच तंतूवर भागवावे लागते. जणू साऱ्या मोहल्ल्याने मिळून एकच अर्ज पाठवावा. खळीत असे नाही. तेथील प्रत्येक शंकुपेशीचे म्हणणे स्वतंत्र वाटेने पुढे जाते. शिवाय तेथे शंकुपेशींची दाटी विलक्षण आहे, एका चौरस मिलिमीटरमध्ये दीड-दोन लाख. प्रकाशाच्या वाटेत इतरत्र येणारे मज्जापेशींचे थर खळीत बाजूला सरकलेले असतात, त्यामुळेच तो खोलगटपणा दिसतो. रक्तवाहिन्याही तेथून दूर ठेवलेल्या आहेत, म्हणजे त्यांची सावलीसुद्धा पडू नये. देवघरापुढची जागा मोकळी ठेवावी, तशी निसर्गाने ही जागा मोकळी ठेवली आहे.

या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागते. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढी जागा, तेवढेच आपले खरेखुरे तीक्ष्ण दर्शन. बाकी सारे जग आपण अंदाजाने पाहतो. आपल्याला तसे जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलतो आणि मेंदू ते तुकडे जोडून एक अखंड चित्र उभे करतो. १८७९ मध्ये पॅरिसला एमिल जावालच्या प्रयोगशाळेत आढळले की, वाचतानाही डोळा ओळीवरून सरळ घसरत नाही, तो उड्या मारत जातो. ‘दृष्टीआड सृष्टी’ या आपल्या म्हणीत जरा बदल करून म्हणावेसे वाटते की, खळीआड सृष्टी!

महाभारतातील द्रोणाचार्यांची परीक्षा आठवा. इतर शिष्यांना झाड दिसते, फांदी दिसते, गुरुजी आणि बंधू दिसतात. अर्जुनाला फक्त पक्ष्याचे मस्तक दिसते. एकाग्रतेची ही कथा शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायची तर, अर्जुनाने आपली खळी लक्ष्यावर स्थिर केली होती. गंमत अशी की, सस्तन प्राण्यांत ही खळी माणूस आणि वानरवर्गालाच लाभली आहे. पण घार, ससाणा यांसारख्या शिकारी पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात अशा दोन खळ्या असतात. झाडावरचा तो पक्षी खरा असता आणि अशाच जातीचा असता, तर अर्जुनाने त्याला पाहण्याआधी त्यानेच अर्जुनाला पाहिले असते.

५. अरुंधती आणि निजामिया वेधशाळा

खळीत एक उणीवही आहे. तिच्या ऐन तळाशी दंडपेशी नाहीत, म्हणून अंधूक प्रकाशात ती जवळजवळ आंधळी असते. मंद तारा पाहायचा असेल तर त्याच्याकडे रोखून पाहू नये, किंचित बाजूला पाहावे. मग तो उजळतो. आकाशनिरीक्षकांची ही जुनी युक्ती आहे.

आपल्याकडे विवाहात वधूला अरुंधती दाखवण्याची प्रथा आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाशेजारची ही लहानशी तारका. दोहोंमध्ये सुमारे बारा कलांचे अंतर आहे आणि निरोगी डोळा एका कलेचे अंतरही वेगळे ओळखतो. म्हणजे अडचण अंतराची नाही, अरुंधतीच्या मंदपणाची आहे. म्हणून शास्त्रकारांनी ‘स्थूलारुंधती न्याय’ सांगितला. आधी जवळचा मोठा तारा दाखवावा, मग दृष्टी हळूच पुढे न्यावी. वेदान्ताच्या अध्यापकांनी हा दृष्टान्त स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाण्यासाठी वापरला. मला त्यात डोळ्याविषयीचे एक व्यवहारज्ञानही दिसते. अरुंधती न दिसणे हे आयुर्वेदाने अरिष्टलक्षणांत घातले आहे, तेही या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे.

हैदराबादेत आकाशनिरीक्षणाची परंपरा १९०१ मध्ये सुरू झाली. नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या हौसेने दुर्बीण आणून वेधशाळा उभारली. त्यांच्यानंतर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली, पुढे ती बेगमपेठेत नेली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे सोपविली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रांच्या साहाय्याने नकाशा करण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प त्या वेळी चालू होता. त्यातील आकाशाचे काही पट्टे हैदराबादकडे आले. छायाचित्रे यंत्राने घेतली, पण काचेच्या पट्ट्यांवरील प्रत्येक ठिपक्याचे स्थान माणसाच्या डोळ्यांनीच मोजायचे होते. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी या शहरातील माणसांनी अशा डोळ्यांत तेल घालून केल्या. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांचे वडील याच वेधशाळेत काम करीत, आणि वेणू बाप्पूंचे बालपण व शिक्षण हैदराबादेतच झाले. दिवसा काचपट्टीवरचा ठिपका मोजायला खळी आणि रात्री मंद तारा पाहायला खळीच्या बाजूची जागा, असा त्या निरीक्षकांचा डोळा दोन्ही पाळ्यांत राबत असे.

६. बेगमपेठेचा सूक्ष्मदर्शक आणि काचीगुड्याचा सिग्नल

याच बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची खूण पाहिली. ऐन उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उकाड्यात त्यांनी डासांमागून डास चिरले. कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, नेत्रिकेला तडा गेला, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. कोट्यवधी जीव वाचवणारा तो शोध अखेर लागला तो एका थकलेल्या डोळ्याच्या दीड मिलिमीटर खळीत.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या काचीगुड्याविषयी. १९१६ मध्ये बांधलेले आपले स्टेशन निजामाच्या रेल्वेचे वैभव होते. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे येणाऱ्या मीटरगेज गाडीने कितीतरी मराठी कुटुंबे या स्टेशनावर उतरली आणि येथलीच झाली. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोबा त्याच फलाटावर ट्रंका सांभाळीत उभे राहिले असतील. त्या प्रवासाची सुरक्षितता इंजिनचालकाच्या खळीवर अवलंबून होती, हे मात्र कोणाच्या मनात आले नसेल.

१८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. उप्सालाचे शरीरशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी प्रतिपादले की, रंगांधता हे अशा अपघातांचे कारण असू शकते, आणि रंगीत लोकरीच्या लडी ओळखण्याची एक सोपी परीक्षा तयार केली. रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासण्याची पद्धत तेथून जगभर पसरली. पुढे १९१७ मध्ये जपानच्या इशिहारांनी ठिपक्यांतले आकडे ओळखण्याचे तक्ते काढले, ते आपल्याकडेही आले. आपल्या रेल्वेत इंजिनचालकाला नोकरीवर घेताना चष्म्याशिवाय सहा-सहाची दृष्टी लागते आणि रंगदृष्टीची परीक्षाही द्यावी लागते. दूरवरचा सिग्नल हा चालकाच्या दृष्टीने एक बारीक ठिपकाच असतो. तो तांबडा की हिरवा, हे शंकुपेशींनी भरलेली खळीच सांगू शकते. ज्यांच्या घरात कोणी रेल्वेत होते त्यांना ‘डोळ्यांत नापास’ या शब्दांचा धसका ठाऊक असेल. तरुणाने परीक्षा दिली, शरीर धडधाकट, पण तक्त्यातला आकडा दिसला नाही, आणि घराचे सारे बेत बदलले. तो नियम कठोर होता, पण हजारो प्रवाशांच्या जिवांसाठी होता.

७. ग्रहणाचा दिवस

१६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी आपल्या परिसरात सूर्यग्रहण झाले. उस्मानिया विद्यापीठाची जपाल-रंगापूर येथील वेधशाळा खग्रासाच्या पट्ट्यात होती आणि शास्त्रज्ञ तेथे जमले होते. शहरात मात्र रस्ते ओस पडले, खिडक्यांवर पडदे ओढले गेले. ग्रहणाची धास्ती पूर्णतः अंधश्रद्धा होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात एक सत्य मिसळलेले होते, फक्त त्याचे कारण चुकीचे सांगितले जात होते.

सूर्याकडे रोखून पाहिले की डोळ्याचे भिंग त्याची प्रतिमा नेमकी खळीवर पाडते. तो प्रखर प्रकाश तेथील पेशी निकामी करू लागतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, म्हणून पाहणाऱ्याला इजा कळत नाही. काही तासांनी नजरेच्या ऐन मध्यावर डाग उमटतो. रोजच्या सूर्याकडे माणूस पाहूच शकत नाही, डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड कमी झाल्यामुळे तो पाहू शकतो आणि म्हणूनच धोका वाढतो. ग्रहणाचा सूर्य इतर दिवसांपेक्षा विषारी नसतो, आपला पहारा सैल झालेला असतो. योग्य प्रकाशगाळक चष्म्यातून ग्रहण अवश्य पाहावे. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म यांच्या भरवशावर पाहू नये. आपल्या शाळांनी मुलांना घरात कोंडून ठेवण्याऐवजी हे शिकवले पाहिजे.

८. आजचे हैदराबाद आणि आपले कर्तव्य

नेत्रोपचारांच्या क्षेत्रात आपल्या शहराचे नाव आज जगभर आहे. मेहदीपट्टणमच्या सरोजिनीदेवी नेत्ररुग्णालयाने गोरगरिबांची पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली. १९८७ मध्ये डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी बंजारा हिल्स येथे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभी केली. तिला जागा आणि निधी देणारे एल. व्ही. प्रसाद हे चित्रपटसृष्टीतले. त्यांनी पहिल्या हिंदी, तमिळ आणि तेलुगू बोलपटांत भूमिका केल्या होत्या, आणि १९८२ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराचे ते मानकरी होते. योगायोग पाहा, ज्यांच्या नावाचा तो पुरस्कार त्या फाळक्यांचे डोळे चित्रपटाच्या ध्यासापायी सतत पाहून पाहून एकदा बिघडले होते आणि उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली होती. डोळ्यांनी दिलेले ऋण चित्रपटाने असे फेडले.

परंतु एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्याचे पारदर्शक पटल, म्हणजे बुबुळावरची काच, दुसऱ्याला बसवता येते. मोतीबिंदू झालेले भिंग काढून नवे घालता येते. खळी मात्र कोणाची कोणाला देता येत नाही. ती एकदा गेली की गेली. म्हणून नेत्रदान जरूर करावे, त्याहून आधी आपल्याजवळची खळी राखावी. ती राखण्याच्या दोन वेळा आहेत, एक बालपणी आणि दुसरी म्हातारपणी.

बालपणी ती घडत असते. जन्मलेल्या बाळाची खळी अपुरी असते. पुढील काही वर्षांत शंकुपेशी मध्याकडे सरकून दाटी करतात आणि मेंदू त्यांची भाषा शिकतो. या काळात एका डोळ्याला मोठा नंबर असला किंवा तो तिरळा असला, तर मेंदू त्याचे ऐकणे सोडून देतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. डोळा तसा निरोगी दिसतो, मूल दुसऱ्या डोळ्याने काम भागवते, आईवडिलांना शंकाही येत नाही. पाच-सहा वर्षांच्या आत ओळखले, योग्य चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधली, तर तो डोळा शिकतो. वय वाढले की उपाय कठीण होत जातो. यासाठी लागते ते फार थोडे: बालवर्गातील प्रत्येक मुलाचा एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, भिंतीवरचा तक्ता वाचून घेणे. हे काम शाळेइतके चांगले कोणीही करू शकणार नाही.

म्हातारपणी ती झिजू लागते. वयानुसार होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासाने मधली दृष्टी जाते, कडेची राहते. माणूस घरात वावरू शकतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखू शकत नाही, वर्तमानपत्र वाचू शकत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी तपासणीत माझ्या हाती चौकटींचा एक कागद देण्यात आला. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्सलर यांनी तयार केलेली ही साधी परीक्षा आहे. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. उजव्या डोळ्याला रेघा सरळ दिसल्या. डाव्या डोळ्याला मधल्या रेघा वाकलेल्या दिसल्या. ज्या डोळ्याने महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील अक्षरे उलगडली, त्याला आता शाळकरी वहीतली रेघ सरळ दिसत नव्हती. त्या दिवशी मी घाबरलो, हे लपवीत नाही. पण वेळीच कळले, उपचार झाले, आणि उजव्या डोळ्याच्या आधाराने आजचे हे भाषण मी वाचून दाखवू शकलो. २००५-०६ पासून डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी या रोगाच्या एका प्रकाराला बराच आवर घालता येतो, मात्र रुग्ण लवकर आला पाहिजे. आपल्या पिढीची सवय अशी की, ‘वय झाले, आता असेच दिसायचे’ म्हणून गप्प बसायचे. हा संयम नव्हे, हा घात आहे. तंबाखू सोडावी, मधुमेह आणि रक्तदाब आवरावा, आणि वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून मागचा पडदा तपासून घ्यावा. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे झाकून पाहावा, कारण एक डोळा दुसऱ्याचे दुःख झाकतो.

९. समारोप

सज्जनहो, सुश्रुताची मसुराची डाळ, बसऱ्याच्या पंडिताचा मध्यअक्ष, बुडालेल्या तरुणाचा डोळा, बेगमपेठेची काचपट्टी आणि काचीगुड्याचा सिग्नल असा हा प्रवास झाला. कोणत्याही एका देशाने, धर्माने वा भाषेने हे ज्ञान एकट्याने मिळवलेले नाही. संस्कृत, अरबी, लॅटिन, जर्मन आणि आपल्या शहराची उर्दू, तेलुगू, मराठी, या सर्वांनी त्यावर हात फिरवला आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या शाळेत मुलांना पुस्तक वाचायला शिकवले. त्यांना वाहायची खरी आदरांजली म्हणजे येथील एकही मूल फळा न दिसल्यामुळे मागे पडणार नाही, अशी व्यवस्था करणे. माझी व्यवस्थापनाला नम्र सूचना आहे की, दर जूनमध्ये बालवर्गापासून सर्व वर्गांची दृष्टिपरीक्षा व्हावी, तिची नोंद मुलाच्या प्रगतिपुस्तकात असावी, आणि ज्यांना चष्मा घेणे परवडत नाही त्यांचा भार आपण माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. एका तक्त्याला आणि एका मोजपट्टीला फार खर्च येत नाही. या कामासाठी मिळालेल्या मानधनाची रक्कम मी आजच संस्थेच्या स्वाधीन करीत आहे.